निराधार योजनेचा अर्ज: मृत्यू दाखल्यापासून पहिल्या पंधराशे रुपयांपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, भाताच्या पट्ट्यातल्या एका गावात माझ्या चुलत वहिनी राहतात. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची कागदपत्रं जमवायला जानेवारी २०२५ मध्ये सुरुवात केली आणि पहिले १५०० रुपये खात्यावर आले ते ऑक्टोबरमध्ये. मधला काळ कुठे गेला, पैसे कशावर गेले आणि कुठल्या कागदाआधी कुठला कागद काढायला हवा, ते क्रमाने लिहिते आहे. पुण्यात नोकरी करून गावाकडच्या कुणासाठी तरी हे काम अंगावर घेतलेले बरेच जण असतात, त्यांना उपयोगी पडावं.

योजना जुनी आहे, १९८० पासूनची. १८ ते ६५ वर्षांच्या निराधार विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी, अनाथ अशांना दरमहा रक्कम मिळते. ६५ नंतर तोच लाभार्थी श्रावणबाळ योजनेत जातो. २०१९ मध्ये रक्कम ६०० वरून १००० झाली, जुलै २०२३ पासून १५००. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २५०० केली आहे. अट अशी की महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं आणि कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं.

पहिला प्रश्न गावात सगळ्यांनी विचारला: लाडकी बहीण असताना हे कशाला? दोन्ही मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील, तर लाडकी बहीणमधून नाव कमी होतं. ज्या विधवा भगिनीला तिथले १५०० नियमित येताहेत, तिने निराधारच्या मागे लागण्यापेक्षा खाली सांगितलेली बालसंगोपन योजना आधी पाहावी. वहिनींचं मात्र तिकडे नावच नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात गावोगाव ते अर्ज भरले जात होते तेव्हा त्या पतीच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या (दादांच्या), डायलिसिससाठी पुण्यात असायच्या, आणि अर्जाची मुदत त्याच ऑक्टोबरमध्ये संपली.

दादा डिसेंबर २०२४ मध्ये गेले, पुण्यातल्याच एका रुग्णालयात. इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहत होता तिथे नाही. म्हणजे दाखला गावच्या ग्रामपंचायतीत नाही, पुणे महापालिकेत मिळतो. घरी मृत्यू झाला असता तर ग्रामसेवकाकडे २१ दिवसांच्या आत विनाशुल्क नोंद करता आली असती. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षाच्या आत असेल तर परवानगी घेऊन, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच नोंद होते. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंदीची माहिती रुग्णालय स्वतः पाठवतं, पण नाव केसपेपरवरून उतरवलं जातं. केसपेपरवर 'दत्ता' होतं, आधारवर 'दत्तात्रय'. दाखला 'दत्ता' नावाचा आला. पुढच्या प्रत्येक टेबलावर हा फरक आडवा येणार हे उघड होतं, म्हणून आधी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि त्यात जानेवारी गेला. त्या अवस्थेत कुणाला सुचत नाही हे खरं, तरी बरोबरच्या एखाद्याने रुग्णालयाच्या फॉर्मवर सही करताना मृताचं आणि पत्नीचं नाव आधार समोर धरून वाचून घ्यावं. आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. तहसील, बँक, तलाठी, शाळा, सगळ्यांना मूळ प्रत बघायची असते.

त्यानंतर शिधापत्रिका. दादांचं नाव कमी करून वहिनींना कुटुंबप्रमुख करायचं. अन्नसुरक्षा कायद्यात तशीही घरातली सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख धरली आहे, पण जुन्या कार्डांवर पुरुषाचंच नाव राहून गेलेलं असतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत मृत्यू दाखला आणि आधार लावून अर्ज द्यावा लागतो. हे काम उत्पन्नाच्या दाखल्याआधी करावं, कारण दाखला काढताना कुटुंबात कोण कोण आहे ते शिधापत्रिकेवरून बघतात. गेलेल्या माणसाचं नाव तिथे असलं की पुन्हा विचारणा होते.

आता उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. २१,००० म्हणजे महिन्याला १७५०. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने कुणी वर्षात ६८ दिवस काम केलं तर ती बाई कागदावर 'निराधार' राहत नाही. दोन मुलं असलेली कुठली बाई वर्षात ६८ दिवससुद्धा मजुरी न करता घर चालवते, ते सरकारलाच ठाऊक. हा आकडा वाढवायला हवा हे तालुक्याच्या कचेरीतले लोकही खासगीत मान्य करतात.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाची ही भानगड टळते. पण ती यादी २००२ च्या सर्वेक्षणावरची. त्यानंतर लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्यांची नावं तिच्यात नाहीत, सासऱ्यांची आहेत. वहिनींची शिधापत्रिका विभक्त असल्याने सासऱ्यांचा क्रमांक त्यांना चालला नाही. याच कारणाने राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनाही हुकली. घरातला कर्ता १८ ते ५९ या वयात वारला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एकरकमी २०,००० मिळतात. तुमच्याकडे यादीतला क्रमांक असेल तर निराधारच्या अर्जाबरोबर हाही अर्ज तहसीलमध्ये निराधारचे अर्ज घेणाऱ्या शाखेतच द्या. बऱ्याच ठिकाणी कुणी आपणहून सांगत नाही.

दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात भरला जातो. सोबत शिधापत्रिका, आधार, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा अहवाल. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात ते भाऊसाहेबच. एका भाऊसाहेबांकडे तीन-चार गावं असतात, त्यामुळे ते कुठल्या वारी कुठल्या सजात बसतात ते कोतवालाला विचारून मगच निघावं. अहवालात ते शेतीचं, मजुरीचं आणि इतर उत्पन्न वेगवेगळं मांडतात. वहिनींच्या घरची वीस गुंठे भातखाचरं आहेत, पावसावरची. ते उत्पन्न आणि मजुरी मिळून आकडा बसला. काही सेतूवाले प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगतात. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राचं हे मुद्रांक शुल्क मार्च २०२५ मध्ये सरकारने माफ केलेलं आहे, तेव्हा तो खर्च करू नका. शुल्काची छापील पावती मागितली की वरचे पैसे मागण्याचा सूर आपोआप खाली येतो. लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पावतीवर ती तारीख छापलेली असते.

दाखला हातात आल्यावर तळाशी 'वैध' लिहिलेली तारीख बघा. एक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला बहुधा ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीच्या शेवटी मिळालेला दाखला एप्रिलमध्ये जोडला तर परत येतो आणि भाऊसाहेबांपासून पुन्हा सुरुवात. म्हणून मार्चचा शेवटचा आठवडा धरून अर्ज दाखल केला. ज्यांचं काम वर्षअखेरीला चालू आहे त्यांनी एकतर ही घाई करावी, नाहीतर सरळ एप्रिल उजाडू द्यावा.

अर्जासोबत लागलं ते असं: विहित नमुना, पासपोर्ट फोटो, आधार, शिधापत्रिका, पतीचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, मुलांची आधार कार्डं आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. वहिनी चौथीपर्यंत शिकल्यात, त्यामुळे माहेरच्या शाळेतून दाखला मिळाला. मात्र तो माहेरच्या नावाने. लग्नानंतर नाव बदललं म्हणून राजपत्रात छापून आणा, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं स्वयंघोषणापत्र आणि पोलीस पाटलाचा दाखला आमच्याकडे चालला. पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोहोचवर अर्ज क्रमांक, तारीख आणि शिक्का, तिन्ही हवेत.

त्यानंतर वाट बघणं. गावपातळीवर चौकशी झाली, भाऊसाहेबांनी शेजारच्या दोघांना विचारलं, अहवाल वर गेला. मंजुरी तालुक्याची समिती देते. पालकमंत्र्यांनी सुचवलेला अशासकीय अध्यक्ष असतो आणि तहसीलदार सदस्य सचिव. समितीची बैठक लांबली की सगळ्या गावांचे अर्ज एकत्र थांबतात. एकट्याचा अर्ज पुढे सरकवायची सोय तिथे नाही, तेव्हा 'मी करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्यात काही अर्थ नाही. बैठक ऑगस्टमध्ये झाली. मंजूर यादी तहसील कार्यालयाच्या फलकावर लागली, तिचा फोटो काढून ठेवला. नामंजूर झालेल्यांच्या यादीत कारणं दिलेली होती, ती वाचण्यासारखी होती. बहुतेक ठिकाणी दाखला मुदतबाह्य, नावात तफावत, किंवा पासबुक दोघांच्या नावाचं.

मंजुरी आली तरी सप्टेंबरमध्ये पैसे आले नाहीत. पूर्वी रक्कम तहसीलकडून बँकेत यादीने जायची. २०२४ च्या अखेरीपासून ती डीबीटीने, म्हणजे थेट लाभार्थीच्या खात्यावर, आधारवरून जाते. आधारवरून जाते म्हणजे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातेच असं नाही. आधार क्रमांक बँकेत 'जोडलेला' असणं आणि डीबीटीसाठी 'सीड' असणं (सरकारी पैसे त्याच बँकेत वळावेत अशी नोंद असणं) या दोन वेगळ्या गोष्टी. एका आधारला एका वेळी एकच बँक सीड राहते, आणि सर्वांत शेवटी जिथे संमती दिली ती. वहिनींनी दोनेक वर्षांपूर्वी बाजारात सिम कार्ड घेतलं होतं. त्या दुकानदाराने अंगठा घेऊन त्याच वेळी एक पेमेंट बँकेचं खातंही उघडून टाकलेलं. पैसे तिकडे वळत होते आणि ते खातं केवायसीअभावी बंद.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये बँकेचं नाव दिसतं. पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि आधारला असलेला मोबाइल नंबर दादांचा होता, बंद झालेला. ग्रामीण घरांत एकच नंबर सगळ्यांच्या आधारला असतो. तो ज्याच्या नावावर आहे ते माणूस गेलं की सगळ्यांचीच दारं बंद. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घेतला, त्या वेळी शुल्क ५० रुपये होतं. मग ज्या बँकेत खरं खातं आहे तिथे सीडिंगचा संमती फॉर्म भरून दिला. 'आधार लिंक आहे की' असं म्हणून तिथला माणूस परत पाठवायला बघत होता. "लिंक नको, डीबीटीसाठी सीडिंग पाहिजे," असं स्पष्ट म्हटल्यावर फॉर्म मिळाला. पुढच्या आठवड्यात स्थिती बदललेली दिसली. हे काम खरं तर जानेवारीतच, दाखला दुरुस्तीला टाकून वाट बघत असताना उरकण्यासारखं आहे. जुनं जनधन खातं असेल आणि दोन वर्षांत एकही व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. तेही तेव्हाच सुरू करून घ्यावं.

ऑक्टोबरमध्ये १५०० आले. मागच्या महिन्यांची बाकी आली नाही.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी शुल्क फार नाही. झेरॉक्स, फोटो, सेतूची शुल्कं, आधार मिळून पाच-सहाशेच्या आत. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याने हात दिला. खरा फटका बसतो तो मजुरीचा. त्या बाजूला बाईमाणसाचा रोज ३०० आहे आणि तालुक्याला जाणं म्हणजे तो दिवस गेला. त्यामुळे लावणी-कापणीच्या दिवसांत कागदांची कामं धरू नयेत, मिळतील तेवढी जानेवारी ते मे या काळात उरकावीत.

आता पैसे कशाला लागले. गहू-तांदूळ रेशनवर माणशी ५ किलो फुकट मिळतो, म्हणजे रोख रक्कम धान्यावर जात नाही. ती जाते रेशनवर न मिळणाऱ्या गोष्टींवर: तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, साबण, तेव्हा साडेआठशेच्या घरात असलेला गॅस सिलिंडर, मुलाचा एसटीचा पास. आठवीतल्या मुलीचा पास मोफत आहे. पहिल्या महिन्यात अर्धी रक्कम वाण्याची उधारी कमी करण्यात गेली. त्याचा परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. उधारीवर घेताना वाणी देईल तो माल, लावेल तो भाव घ्यावा लागायचा. उधारी उतरल्यावर वहिनी तालुक्याच्या बाजारातून रोखीने डाळ-तेल आणायला लागल्या.

दुसरी गोष्ट उचलीची. हातात काही नसेल तर लावणीच्या आधी महिना-दीड महिना बाया एखाद्या शेतकऱ्याकडून उचल घेतात आणि मग लावणीत त्याच्याकडेच, कमी रोजाने, ती फेडतात. बाहेर ३०० चाललेले असताना उचलीवाल्या बाईला २२०-२५० वर राबावं लागतं. महिन्याला १५०० ने घर चालत नाही, पण उचल न घेता लावणीपर्यंत तग धरता येतो आणि रोज पूर्ण मिळतो. वहिनींच्या बचत गटातल्या, आधीपासून हे अनुदान घेणाऱ्या बायकांनी हेच सांगितलं. गटात महिन्याचे १०० रुपये नियमित भरले जातात म्हणून गरजेला महिन्याला शेकडा दोन रुपये व्याजाने कर्ज मिळतं. खासगीत पाच-दहा टक्के मोजावे लागतात.

यात सगळा भरवसा तारखेवर आहे. पैसे कधी महिन्याला येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. एकदम आले की ते एखाद्या जुन्या देण्यात जिरतात, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत पुन्हा वाण्याचं पान उघडतं. रक्कम तेवढीच ठेवून तारीख पक्की केली तरी या घरांना निम्म्याने जास्त उपयोग होईल, असं माझं मत झालं आहे.

'फुकटचे पैसे दारूत जातात' हे पारावर हमखास ऐकू येतं. मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' (SEWA) या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये विनाअट दिले होते, पुढे ते ३०० आणि १५० केले. तिथे दारूवरचा खर्च वाढला नाही. लोकांनी बी-खतं, शेळ्या, औषधपाणी यांवर पैसे घातले आणि मुलं शाळेत जास्त जाऊ लागली. आमच्या पारावर हे सांगून फार कुणाला पटलं नाही, ते असो.

पैसे काढताना अंगठ्याची अडचण येते. भात-नाचणीत हात घालणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, बँक मित्राच्या (गावात बँकेच्या वतीने पैसे काढून देणाऱ्याच्या) मशीनवर अंगठा उमटत नाही. दुसरी बोटं चालवून बघावीत, हात कोमट पाण्याने धुऊन पुसून ठेवावेत. पोस्टमनकडेही आधारवरून पैसे काढता येतात. काही बँक मित्र हजारामागे दहा-वीस रुपये कापून घेतात, तसं घेण्याचा त्यांना अधिकार नाही. महिन्यातून एकदा पासबुक छापून घेतलं की किती आले, किती निघाले ते समजतं.

उरलेली दोन कामं. दादांच्या सातबाऱ्यावर वारस नोंद: मृत्यू दाखला आणि वारसांच्या तपशिलासह भाऊसाहेबांकडे अर्ज, गाव नमुना ६-क ला (वारसांच्या नोंदवहीत) नोंद, मग फेरफार, नोटिशीचे १५ दिवस, आणि सर्कलसाहेबांची (मंडळ अधिकाऱ्यांची) मंजुरी. मुलीचं नावही वारसांत घातलं. या नोंदीनंतर शेतकरी ओळख क्रमांक काढून पीएम किसानच्या वर्षाच्या ६००० साठी वहिनींच्या नावाने नवी नोंदणी करायची आहे. दादांच्या खात्यावर त्यांच्यामागे हप्ता आला असेल तर तो काढू नये, वसुली लागते.

आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या १८ वर्षांखालच्या मुलाला महिन्याला २२५०, एका घरातल्या दोन मुलांपर्यंत. दोन मुलांचे ४५०० होतात, निराधारच्या तिप्पट, तरी गावात ही फारशी कुणाला माहीत नाही. अर्ज पुण्याला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. शाळेचं बोनाफाईड, मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि आईचा मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. तो अर्ज नोव्हेंबरमध्ये दिला आहे. निराधारचा हयातीचा दाखला दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात द्यावा लागतो, नाही दिला तर अनुदान थांबतं.